जगधने सरांची वाचनयादी

जगधने सर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा उकडत होतं म्हणून मी पंखा लावायला उठले. पहिल्या बटणाला बाहेरच्या ओट्यावरचा दिवा लागला. दुसऱ्याला ट्यूबलाइट लागली. तिसऱ्याला काहीच झालं नाही, ते बटण कशाचं आहे हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. मग गणपतीतली माळ लुकलुकली, मग दारावरची बेल उगाच वाजली, मग ट्यूबलाइट विझली आणि सातव्या बटणाला एकदाचा पंखा फिरला. घाम पुसत मी वळले, तर सरांनी शर्टाच्या खिशातून एक चिमुकली वही काढली होती आणि ते उभ्याउभ्याच काहीतरी लिहीत होते. मी डोकावले. 'जोशी मॅडम. स्वतःच्या घरात. अकरा वर्षं राहून. सात बटणं.'

पाहुणा माणूस, अजून चहासुद्धा झाला नव्हता आणि यानं आमच्या घराचा पंचनामा सुरू केला होता.

"चूक कुणाची?" सरांनी विचारलं.

"माझीच. मी विसरते," मी म्हणाले.

"न्हाई!" सर एवढ्या जोरात ओरडले की आमचे हे आतून धावत आले. "चूक बोर्डाची हाय! बारा बटनं एकसारखी, एका रांगेत, वर नाव न्हाई, खून न्हाई. मानूस काय करंल? आन् वर मानूसच म्हनतोय, चूक माझी. लई वाईट वाटतं मॅडम, लई!"

एरवी सर तुमच्या-माझ्यासारखंच बोलतात. पण एखादी वस्तू माणसाला छळताना दिसली की त्यांच्या बोलण्यातला 'ण' जातो आणि त्यांचं गाव, घोडेगाव, वर येतं. दुसऱ्या दिवशी ते चिकटपट्टी आणि कात्री घेऊन हजर झाले आणि आमच्या बोर्डावर पंख्याचं, दिव्याचं, बेलचं चित्र डकवून गेले. तिसऱ्या बटणावर त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. नगरहून संभाजीनगरकडे निघालं की उसाच्या शेतांमधून अचानक एक चार मजली इमारत उगवते, तीच आमची. जगधने सर तिथे शेवटच्या वर्षाला 'यूआय डिझाइन' शिकवतात. मोबाईलच्या पडद्यावर बटण कुठे असावं, केवढं असावं, त्यावर काय लिहावं, म्हणजे वापरणाऱ्याची फजिती होणार नाही, असा तो विषय. मुलं त्याला 'बटणांचा विषय' म्हणतात. ऐच्छिक आहे, तरी वर्ग भरलेला असतो, कारण सर मुलांना वर्गात बसवून ठेवत नाहीत.

स्वतःही बसत नाहीत. स्टाफरूममध्ये त्यांना खुर्ची आहे, पण तिच्यावर त्यांची पिशवी बसते. सर येरझाऱ्या घालतात, येता-जाता खिडकीची कडी उघडतात, लावतात, पुन्हा उघडतात, पाण्याच्या नळाशी कोण चुकतंय ते बघायला बाहेर जातात. त्यांच्यासोबत पाच मिनिटं उभं राहिलं की आपलेही पाय चुळबुळायला लागतात. वेश पँट, शर्ट, बूट, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, आणि खांद्यावर पांढरा पंचा. प्राचार्यांनी एकदा पंच्याबद्दल हळूच सुचवून पाहिलं, तर सर म्हणाले, "तुमी टाय लावता, मी काय बोललो का?" सर विचारात पडले की त्यांचा डावा हात या पंच्याखाली जातो आणि आत बोटं हलत राहतात. ते जप करतात, असं स्टाफरूमचं ठाम मत होतं.

माझं आणि त्यांचं पहिलं भांडण पुस्तकं परत करायच्या पेटीवरून झालं. वाचनालयाच्या दाराशी मी एक मोठी पेटी ठेवली होती, वर ठळक अक्षरांत 'पुस्तके येथे टाका'. त्यात रोज केळीची सालं आणि वेफरच्या पिशव्या निघायच्या. मी सूचना लिहिली, मग लाल शाईत सूचना लिहिली, मग दंड जाहीर केला. सालं वाढली. सर दोन दिवस पेटीसमोर वही घेऊन उभे राहिले आणि मला येऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्या पेटीचं तोंड कचऱ्याच्या डब्याचं हाय. पोरांचा हात तोंड वाचतो, अक्षर न्हाई वाचत."

मी म्हणाले, "सर, वाचनालय माझं आहे."

रविवारी ते सुताराला घेऊन आले आणि पेटीचं तोंड बंद करून तिथे एक आडवी फट पाडून गेले, पुस्तक जाईल एवढी. सोमवारपासून पेटीत फक्त पुस्तकं यायला लागली. मी दोन महिने त्यांचे आभार मानले नाहीत, कारण मला खरोखरच राग आला होता.

एक गोष्ट मात्र कुणालाच उलगडत नव्हती. रोज बारा वाजून वीस मिनिटांनी सरांची चुळबूळ शिगेला पोचायची. साडेबाराला त्यांची स्कूटर फाटकाबाहेर पडायची आणि पावणेदोनला परत यायची. कुणाचा निरोप समारंभ असो, संस्थाध्यक्षांचं जेवण असो, सर साडेबाराला नाहीत म्हणजे नाहीत. घरी जाऊन झोप काढतात, असं एक मत होतं. घोडेगावात त्यांचा म्हशींचा गोठा आहे आणि ते धार काढायला जातात, असं दुसरं. मी दुसऱ्या मताची होते आणि ते चारचौघांत सांगतही असे.

तर तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. विद्यापीठाची समिती यायची होती. प्रत्येक विषयाला निदान दहा संदर्भांची वाचनयादी हवी आणि यादीतल्या प्रत्येक नोंदीला ग्रंथालयाचा दाखल क्रमांक हवा, असा नियम होता. दाखल क्रमांक म्हणजे पुस्तक वाचनालयात आलं की मी मोठ्या नोंदवहीत त्याला देते तो आकडा. तो असला की पुस्तक आहे, नसला की नाही. सरांच्या विषयाला यादीच नव्हती.

प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. "जगधने, शनिवारपर्यंत यादी द्या. नाहीतर विषय बंद होईल. आणि विषय बंद झाला तर इथे तुम्हाला काम नाही. संस्थेच्या पुण्याच्या कॉलेजात जागा आहे, तिकडे पाठवू. वाईट काय आहे? पुणं आहे."

स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांनी पुण्यासाठी नवस बोलले होते. सरांची बोटं मात्र पंच्याखाली भराभर हलायला लागली.

"पुन्याला न्हाई जमनार," ते म्हणाले.

"का?"

"न्हाई जमनार."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मनात म्हटलं, म्हशींचं काय करायचं हा प्रश्न दिसतोय.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "सर, अहो दहा पुस्तकांची नावं लिहायला काय लागतं? तुमच्या विषयाची तीन जाडजूड पुस्तकं मी स्वतः घेतली आहेत. अजून सात मागवू."

"पुस्तकं चांगलीच हायत," सर जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत म्हणाले, मी मागून धापा टाकत. "पन त्यातली मानसं विमानतळावर हरवत्यात, मॅडम. आपली मानसं तहसीलीत हरवत्यात. कुनी वाचलीत का ती तीन? बगा तुमच्या वहीत."

मी वाचनालयात जाऊन पाहिलं. तिन्ही पुस्तकं घेतल्यापासून एकदाही बाहेर गेली नव्हती. एकाचं तर प्लास्टिकही निघालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी यादी आणून दिली, हाताने लिहिलेली. कीटकनाशकाची एक बाटली. जुना प्रेशर कुकर. तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गॅसच्या शेगड्यांच्या कळा. बसस्थानकातला काढून टाकलेला वेळापत्रकाचा फळा. दोन नळ, एक उजवीकडे फिरणारा, एक डावीकडे. आमच्याच कॉलेजचा प्रवेशअर्ज. शेतातल्या मोटारीचा मोबाईलवर चालणारा स्टार्टर. शिंगणापुरातली दार नसलेली चौकट, पुढे कंसात 'न चुकणारं दार, एकमेव'. माझी पेटी, जुन्या तोंडाच्या फोटोसह. आणि दहाव्या ओळीत एवढंच : 'पंच्याखालचा हात, घोडेगाव.'

मी कपाळावर हात मारला. "सर, बाटलीला दाखल क्रमांक कसा देऊ?"

"पाठीवर चिकटवा."

"आणि यातून मुलं काय वाचणार?"

तेव्हा सर पहिल्यांदा जिन्यात, दारात किंवा खिडकीत न थांबता माझ्या टेबलासमोर उभे राहिले. म्हणाले, "या बाटलीवर औषधाचं प्रमान केवढ्या अक्षरात हाय बगा. मी पोरांना सांगतो, ही बाटली घेऊन गावातल्या साठीच्या मानसाकडं जा, त्याला उन्हात वाचायला लावा, आन् तो काय वाचतो ते लिहून आना. मागच्या वर्षी एक पोरगी रडत आली. तिच्याच चुलत्यानं दहाचं शंभर वाचलं. आता ती पोरगी आयुष्यात बारीक अक्षर काडनार न्हाई. कुठलं पुस्तक शिकवील हे?"

मी बाटली खिडकीशी नेली, डोळे बारीक करूनही प्रमाण वाचता येईना. शिवाय ते पेटीचं ऋण माझ्या डोक्यावर होतंच. आणि आमच्या नोंदवहीत नकाशे, सीडी आणि पृथ्वीचा एक गोल यांना क्रमांक दिलेलेच होते. पृथ्वीला क्रमांक देता येतो, तर कुकरला का नाही?

मग आमचं नोंदणीचं काम सुरू झालं. नोंदवहीत रकाने ठरलेले : लेखक, शीर्षक, प्रकाशक, पृष्ठे, शेरा. सर माझ्या टेबलाभोवती फेऱ्या मारत मजकूर सांगायचे. कुकरचा लेखक 'अज्ञात, पण स्वयंपाक न करणारा'. शेगडीची पृष्ठे, चार कळा. प्रवेशअर्जाचा प्रकाशक आमचीच संस्था, शेरा 'वाचकाने जपून वाचावे'. हा शेरा मी लिहिला नाही. स्टार्टर कोपरगावकडच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा. मोटार सुरू झाली की त्यातली बाई फोनवर "धन्यवाद" म्हणायची आणि वडील रोज तिला "राम राम" म्हणून फोन ठेवायचे. सरांना हे फार आवडलं होतं. "यादीतली ही एकच वस्तू मानसाशी मानसासारखी वागती," ते म्हणाले. शिंगणापूरची चौकट उचलून आणणं अर्थातच शक्य नव्हतं. तिचा फोटो फ्रेममध्ये घालून आणला आणि त्याला क्रमांक दिला. गुरुवारी संध्याकाळपर्यंत नऊ क्रमांक पडले. वाचनालयाच्या एका कपाटात कुकर, नळ आणि बाटली ओळीने मांडली होती. इतर विभागांतले लोक मुद्दाम बघायला येत होते आणि मला विचारत होते, कुकर किती दिवसांसाठी मिळेल?

"आता दहावं," मी म्हणाले. "पंच्याखालचा हात. हे काय आहे?"

सर खिडकीकडे गेले.

"लिहून टाका तुमी."

"न पाहिलेल्या वस्तूला मी क्रमांक देत नाही. नियम आहे."

"मग खोडा दहावं."

"नऊ झाले तर विषय बंद. तुम्ही पुण्याला."

त्यांनी खिडकीची कडी उघडली, लावली, उघडली. मलाही आता धीर धरवेना. रोजच्या या फेऱ्यांनी माझं डोकं गरगरत होतं, शनिवार उद्या-परवावर आला होता आणि हा माणूस स्वतःच्याच नोकरीवर पाणी सोडायला निघाला होता. मी थोडी चढ्या आवाजातच म्हणाले, "सर, दाखवण्यासारखं नसेल तर यादीत का लिहिलंत?"

त्यांचा हात पंच्याखाली थांबला.

"उद्या साडेबाराला चला," ते म्हणाले.

शुक्रवार म्हणजे घोडेगावच्या बाजाराचा दिवस. स्कूटरवर मागे बसून मी गेले, पदर सावरत आणि म्हशींचा गोठा बघायच्या तयारीने. बाजार नुसता फुलला होता. टेम्पोतून उतरणाऱ्या म्हशी, शिंगं रंगवलेले बैल, शेळ्यांचा ओरडा, धूळ. सरांनी मला एका लिंबाखाली उभं केलं आणि समोर बोट दाखवलं. दोन माणसं समोरासमोर उभी होती, मधे एका बैलाची पाठ. दोघांचे उजवे हात एका पंच्याखाली. तोंडं निर्विकार, नजर तिसरीकडे. पंचा मधूनमधून हलत होता.

"भाव चाललाय," सर म्हणाले. "हा त्याची बोटं धरतो. किती बोटं, कुठलं पेर, त्याच्यावर आकडा. भोवती शंभर मानसं हायत, एकालाबी कळत न्हाई. एवढ्या गोंगाटात. लिहिता-वाचता न येनारी दोन मानसं, एक शब्द न बोलता. आन् चूक होत न्हाई. मी चाळीस वर्षांत चूक झाल्याचं ऐकलं न्हाई."

मी खरोखर थक्क झाले. पर्समधून पेन काढलं. "पटलं सर. देते क्रमांक."

"हे न्हाई, मॅडम. हे बगायला कुनीबी येतं. प्रत घरी हाय."

बाजाराच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. आत खाटेवर एक म्हातारे गृहस्थ उशीला टेकून बसलेले. मोठ्या हाडाचे, पांढऱ्या मिशा, तोंडाची उजवी बाजू ओघळलेली. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला.

"आमचे आण्णा," सर म्हणाले. "रंभाजी जगधने. याच बाजारात दलाल हुते. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. वाचा गेली. ऐकू येतं, समजतं सगळं."

मी नमस्कार केला. शेजारच्या काकू दोन्ही वेळेला डोकावतात, पण आई गेल्यापासून घरात बाप-लेक दोघंच, हे मला तिथे कळलं. म्हशी नव्हत्या. एकही नव्हती. चारचौघांत मी जे सांगत फिरले होते ते आठवून मला जमिनीत जावंसं वाटलं.

सरांनी फडताळातून एक टॅब्लेट काढला. धूळ पुसून माझ्या हातात दिला. पडद्यावर मोठमोठे चौकोन होते : पाणी, चहा, दुखतंय, कूस बदल, उजेड. बोट ठेवलं की सरांच्या आवाजात तो शब्द यायचा.

"मीच केलाय. आण्णांना बोलता यावं म्हनून. चौदा वेळा बदलला. बटनं मोठी केली, कमी केली, रंग बदलले, चित्रं काडली. आण्णा बगायचे आन् तोंड फिरवायचे. आठ महिने." सर बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. "सकाळी पोरांना शिकवायचो, चूक मानसाची नसते, वस्तूची असते. आन् दुपारी घरी येऊन आण्णांवर खेकसायचो. दाबा की! एवढं सोपं केलंय, दाबा की! एकदा त्यांचं बोट धरून जोरानं दाबलं मी. दुखलं त्यांना."

खाटेवरून एक बारीक हुंकार आला. सर थांबले नाहीत.

"मग एक दिवशी जेवू घालत हुतो. तोंड पुसायला खांद्यावर पंचा हुता. त्यांनी डाव्या हातानं तो ओढला, माझ्या हातावर टाकला आन् खालून माझी दोन बोटं धरली. मला वाटलं झटका आला. पुन्हा धरली, तीच दोन. मग ध्यानात आलं. चाळीस वर्षं कामाच्या टायमाला या मानसाचं तोंड बोलतच नव्हतं, मॅडम. हात बोलायचा. आन् मी त्यांना बटनं देत बसलो हुतो."

"दोन बोटं म्हणजे काय?"

"त्या दिवशी चहा निघाला. मग एकेक ठरत गेलं. एक बोट पानी. पंजा धरला म्हंजे बस इथं. पंजाच जास्त वेळा धरत्यात."

एवढं बोलून सर खाटेवर बसले. पंचा दोघांच्या हातांवर टाकला. बाजारातून येताना त्यांनी काय-काय पाहिलं ते पंच्याखालून सांगायला सुरुवात केली : म्हशींचे भाव, बैलांचे भाव. पंचा हलत होता. आण्णांची नजर दाराबाहेर, चेहरा निर्विकार, अगदी लिंबाखालच्या त्या माणसांसारखा. मधेच भुवई वर जायची, भाव पटला नसावा.

मी विचारलं, "सर, यांना ऐकू येतं ना? मग तोंडानंच का सांगत नाही?"

"सौदा तोंडानं करत न्हाईत, मॅडम," सर म्हणाले.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, गेली पंधरा-वीस मिनिटं सर हललेले नव्हते. पाय स्थिर, मान स्थिर. ज्या माणसाला कॉलेजात मी खुर्चीत बसलेलं कधी पाहिलं नाही, तो खाटेच्या कडेवर रोज तासभर असा बसत होता. दिवसभराची ती सगळी पळापळ, ती कड्यांची उघडझाप, ती साडेबाराची घाई, या एका तासापाशी येऊन थांबत होती. या माणसाला पुण्याला पाठवलं तर इथे या हातात हात कोण देणार होतं? शेजारच्या काकूंना पंच्याखालचं कळत नव्हतं.

आण्णांनी माझ्याकडे पाहून डावा हात थोडा उचलला. मी सरांकडे पाहिलं. परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायचा म्हणजे मला जरा अवघडल्यासारखं झालं. पण मी पुढे झाले. पंच्याखाली एक कोरडा, रुंद तळवा होता. त्याने माझी दोन बोटं धरली, नेमकी आणि अलगद.

"चहा!" मी ओरडलेच. "चहा म्हणाले!"

आण्णांच्या मिशीची डावी बाजू हलली. सर हसत उठले आणि स्टोव्हकडे गेले. सांगायला लाज वाटत नाही, मला रडू आलं.

त्याच संध्याकाळी मी दहावी नोंद केली. शीर्षक : पंच्याखालचा हात. लेखक : रंभाजी जगधने. प्रकाशन स्थळ : घोडेगाव. प्रती : एक. शेऱ्याच्या रकान्यात, दुर्मीळ ग्रंथांना लिहिते तेच लिहिलं : 'संदर्भ प्रत. जागा सोडून बाहेर देता येणार नाही.'

समिती आली. तिघे जण होते. अध्यक्षांनी यादी हातात घेतली आणि पेनाच्या टोकाने नोंदी मोजल्या. दहा. मग दाखल क्रमांक मोजले. दहा. नावं त्यांनी वाचली की नाही, देव जाणे. फक्त "बाटलीचा वास येतोय," एवढं म्हणाले आणि पंखा लावायला स्वतःच उठले. वाचनालयाच्या बोर्डावर सोळा बटणं आहेत आणि तिथे चित्रं डकवायला मी सरांना अजून परवानगी दिली नव्हती. अध्यक्ष एक, दोन, तीन, चार बटणं दाबत गेले. कोपऱ्यात सरांचा हात खिशातल्या वहीकडे गेला. मी डोळ्यांनी त्यांना विनवलं. सरांनी वही अर्धी काढली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खिशात टाकली. सहाव्या बटणाला पंखा लागला. अध्यक्षांनी सही केली आणि विषय राहिला. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच चिकटपट्टी आणून दिली.

दरवर्षी मे महिन्यात आमच्या वाचनालयाची साठा-पडताळणी असते. नोंदवहीतली एकेक वस्तू जागेवर आहे का, कशा अवस्थेत आहे, हे मी डोळ्यांनी बघून खूण करते. तेव्हापासून मी एका शुक्रवारी नोंदवही पिशवीत घालून घोडेगावला जाते, पंच्याखाली हात देते, चहा घेते आणि लिहिते, 'प्रत जागेवर आहे. सुस्थितीत.'

या मे महिन्यातही गेले. आण्णा आता उशीला टेकून बसत नाहीत, आडवेच असतात. पंचा टाकल्यावर मी बराच वेळ वाट पाहिली. त्यांचा हात माझ्या हाताकडे निघाला आणि वाटेतच थांबला. मग मीच माझी दोन बोटं पुढे सरकवली. त्यांनी ती धरली. पकड इतकी हलकी होती की मला आधी भास वाटला. पण दोनच बोटं होती, तीच दोन.

मी नोंदवही उघडली. सर समोर बसून होते.

"काय लिहिताय?"

खोटं लिहिणं मला जमत नाही. 'सुस्थितीत' हा शब्द पेनातून उतरेना. मी लिहिलं, 'प्रत जागेवर आहे. जीर्ण. वाचता येते.' आणि वही त्यांच्याकडे फिरवली.

सरांनी ते वाचलं. मग "चहा टाकतो," म्हणून उठले. आत अंधार होता, दिवा लावायला ते बोर्डाकडे गेले. त्यांच्या घरच्या बोर्डावर एकेका बटणाला चित्र आहे, रंग आहे, अंधारात बोटाला कळावी म्हणून वर खूणही चिकटवलेली आहे. सरांनी एक बटण दाबलं, पंखा फिरला. दुसरं दाबलं, बाहेरचा दिवा लागला. तिसऱ्यांदा बोट पुन्हा पहिल्यावरच गेलं आणि पंखा बंद झाला. ते तसेच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

माझ्या हातात पेन उघडंच होतं. मी त्याला टोपण लावलं, उठले आणि आतला दिवा लावून दिला. चूक कुणाची, हे मी विचारलं नाही.